भाव कोणी लिहायचा: ऑनलाइन दुकानाच्या अभ्यासाची प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातून माल बाहेर जातो तो काही आजचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर असा अरुंद रूळमार्ग टाकला. पुढे 'शकुंतला' म्हणून लोकांच्या जिव्हाळ्याची झालेली ही गाडी मुळात कापसासाठी होती. दारव्ह्यावरून रुईच्या गाठी मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या रुळावरून मुंबईला आणि पुढे जहाजाने विलायतेला जात. वऱ्हाडच्या कापसाला मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात स्वतःची ओळख होती. पिकवणाऱ्याची मात्र कुणालाच ओळख नव्हती. माल इथला, भावाची पाटी दुसरीकडे, अशी ही रीत इतकी अंगवळणी पडली की आजही बाजार समितीच्या आवारात गाडी लावून शेतकरी 'आज काय भाव काढला?' असे विचारतो. भाव काढणारा दुसरा कुणीतरी असतो, हे त्या प्रश्नात गृहीतच असते.

ऑनलाइन दुकानाच्या मांडणीवरचे पुस्तक कापसाच्या बाजारापासून सुरू करण्याला कारण आहे. अनोळखी माणसाला माल विकताना भांडण कशाकशावरून होते, याचा भारतातला एक सुरुवातीचा कायदेशीर विचार याच मुलखात झाला. दारव्ह्याच्या शेजारचे कारंजा हे देशातले पहिले नियंत्रित कापूस मार्केट मानले जाते. त्याचे साल १८८६. पाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला आणि इतर प्रांतांच्या बाजार कायद्यांना तो नमुना ठरला. काटा कुणाचा, मापारी कोण, अडत किती, कट्टी कशाबद्दल, वाद झाला तर ऐकणार कोण, हे तिथले प्रश्न होते. आज वणीतला किंवा पुसदचा एखादा बचत गट संकेतस्थळावर दुकान उघडायला बसतो, तेव्हा पडद्यावरच्या रकान्यांतून नेमके हेच प्रश्न त्याच्यापुढे येतात: वजनाचे एकक कोणते, कर धरून भाव की कर सोडून, वाहतूक कुणाच्या खर्चाने, परत आलेल्या मालाचे काय. फरक एकच, आणि तो फार मोठा आहे. या वेळी उत्तरे विकणाऱ्याने लिहायची आहेत.

म्हणून या पुस्तकाचे म्हणणे असे की दुकानाची 'सेटिंग' हे संगणकवाल्या मुलावर सोपवून मोकळे होण्याचे काम नाही. ती आपल्या व्यापाराची लेखी नियमावली आहे. रकाना भरण्याचे काम तो मुलगा करील, पण काय भरायचे ते माल ज्याचा त्यानेच ठरवले पाहिजे.

साधनांची ओळख थोडक्यात करून देतो, कारण साधने बदलत राहणार. कॅनडातल्या ओटावा शहरात टोबियास ल्युटके या तरुणाला २००४ मध्ये बर्फावरून घसरायच्या फळ्या ऑनलाइन विकायच्या होत्या. बाजारात मिळणारे दुकानाचे सॉफ्टवेअर पसंत पडेना, म्हणून त्याने स्वतःचे लिहिले. त्यातून २००६ मध्ये शॉपिफाय उभे राहिले. तिथे दरमहा भाडे भरून तयार गाळा मिळतो. दुसरी वाट वर्डप्रेसची. २००३ पासूनचे हे मुक्त सॉफ्टवेअर, आणि त्यावर २०११ मध्ये आलेले वूकॉमर्स हे दुकानाचे प्लगिन. यात डोमेन आपले, होस्टिंग आपण निवडलेले आणि ग्राहकांची यादी आपल्याच ताब्यात. उद्या होस्टिंगवाला बदलला तरी दुकान उचलून दुसरीकडे नेता येते. पुढच्या प्रकरणांतली उदाहरणे मी वूकॉमर्सवरची घेतली आहेत ती याच कारणाने. मोठ्या बाजारपेठांच्या ॲपवर विकणे, किंवा २०२१ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या डिजिटल व्यापाराच्या जाळ्यात शिरणे, हेही मार्ग आहेत आणि त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. पण नियम स्वतः लिहायला शिकायचे असेल तर आधी स्वतःचे दुकान मांडून पाहावे.

नवे दुकान उघडते तेव्हा प्रत्येक रकान्यात काही ना काही आधीच भरलेले असते. हे आयते उत्तर कुठल्या तरी दुसऱ्या देशाच्या चालीरीतीवर बेतलेले असते, आणि नवशिक्याची पहिली ठेच बहुधा इथेच लागते. कराचे उदाहरण घ्या. वूकॉमर्समध्ये कर चालू केला की किमती करासह लिहिणार की कराविना, असा प्रश्न येतो आणि 'कराविना' हे उत्तर आधीच निवडलेले असते. अमेरिकेत तशीच पद्धत आहे. आपल्याकडे पाकिटावर छापलेली एमआरपी सर्व करांसह असते. समजा उमरखेडच्या गटाने पाव किलो हळद पावडरीचा भाव शंभर रुपये लिहिला आणि ते उत्तर तसेच राहू दिले. ग्राहक पैसे भरायच्या पानावर पोचतो तेव्हा पाच टक्के जीएसटी चढून एकशे पाच रुपये दिसतात. पाकिटावर शंभर, पावतीवर एकशे पाच. हा नुसता हिशेबातला घोळ नाही. एमआरपीपेक्षा जास्त घेणे हा कायद्याचा भंग आहे. एका टिचकीत सुटणारी गोष्ट, पण ती टिचकी कुठे मारायची हे कळायला एमआरपी म्हणजे काय हे आधी ठाऊक हवे. आणि जीएसटी नोंदणीच नसेल, तर ग्राहकाकडून कर घेताच येत नाही. मग तो सगळा विभाग बंदच ठेवायचा.

नोंदणीचा मुद्दा यवतमाळला वेगळ्याच रीतीने जाचतो, तो जिल्ह्याच्या भूगोलामुळे. पांढरकवड्याहून पुणे सहाएकशे किलोमीटर. आदिलाबाद मात्र पाटणबोरीवरून पैनगंगा ओलांडली की तासाभराच्या आत. आठवडी बाजाराला, लग्नकार्याला लोक सर्रास ये-जा करतात. पण कराच्या हिशेबात पुणे घरातले आणि आदिलाबाद परराज्यातले. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. करपात्र माल परराज्यात पाठवायचा झाला तर, ठरावीक हस्तकला वस्तू सोडल्या, उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. म्हणजे दिग्रस-दारव्ह्याकडच्या तांड्यांवरचे बंजारा भरतकाम आणि उमरखेडची हळद यांना एकाच दुकानात दोन वेगळे न्याय लागू होऊ शकतात. नोंदणी नसलेल्या गटाने काय करावे? वाहतुकीच्या विभागात फक्त महाराष्ट्राचा झोन करावा आणि उरलेल्या जगाच्या झोनमध्ये एकही वाहतूक पद्धत ठेवू नये. पलीकडचा ग्राहक ऑर्डर पुरी करूच शकत नाही. असा निर्णय कागदावर घेऊन मग पडद्यावर उतरवायचा, हीच या अभ्यासाची पद्धत.

झोनचा विषय निघालाच आहे तर पिन कोडविषयी सांगितलेच पाहिजे, कारण या सगळ्या शास्त्रातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली. ते टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावे आणि अनेक भाषांत, अनेक तऱ्हांनी लिहिलेले पत्ते, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी सहा आकड्यांत देशाचा नकाशा बसवला: पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा. ४४५ म्हटले की यवतमाळ. ४४५००१ यवतमाळ शहर, ४४५२०४ पुसद, ४४५३०४ वणी. पन्नास वर्षांनंतर दुकानाचे सॉफ्टवेअर या रचनेवर अलगद बसते. झोनमध्ये पिनच्या जागी इंग्रजी आकड्यांत ४४५ लिहून पुढे फक्त तारांकन टाकले, की त्या तीन आकड्यांनी सुरू होणारे सगळे पत्ते एका ओळीत आले. त्यांना वीस रुपये वाहतूक लावा, नाहीतर गटातले कुणी यवतमाळला जातच असेल तर फुकट पोचवा.

इथे एक खाचखळगा आहे. ग्राहकाचा पत्ता झोनच्या यादीशी वरून खाली ताडून पाहिला जातो आणि जो पहिला जुळेल तोच लागू होतो. यादीत 'महाराष्ट्र' वर आणि '४४५' खाली असेल, तर नेरच्या ग्राहकालाही मुंबईचाच दर लागेल, कारण नेरही महाराष्ट्रातच आहे. लहान झोन वर, मोठा खाली. दुकान चालू करण्याआधी निरनिराळ्या पिनांनी स्वतः ऑर्डर टाकून पाहा, हा आग्रह मी प्रत्येक प्रकरणात धरला आहे तो अशा गोष्टींसाठी.

वाहतुकीच्या दराचे गणित कापसाच्या जिल्ह्याला शिकवावेच लागते. बहुतेक कुरिअर कंपन्या खरे वजन आणि आकारमानी वजन यांतले जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५,००० ने भागायचे. कापसाची एक उशी घ्या: ६० बाय ४०, जाडी १५. गुणाकार ३६,०००, भागाकार ७.२ किलो. तराजूवर ती उशी दीड किलोच्या आसपास भरते, पण भाडे सात किलोंहून अधिकचे. हवा काढून पाकीट निम्म्या जाडीवर आणले तर ३.६. हळद, तूरडाळ, चारोळी यांचे असे होत नाही. त्या आकाराने लहान आणि वजनाने भारी. त्यामुळे एकाच गटाच्या उशीला आणि डाळीला वाहतुकीचा एकच सरसकट दर लावला, तर डाळ घेणाऱ्याच्या खिशातून उशीचे भाडे जाते किंवा गटाला तोटा होतो. मालाच्या पानावर वजन आणि मापे भरायचे रकाने लोक रिकामे सोडतात; ते रिकामे सोडू नयेत.

मालाच्या पानाविषयी कायदाही बोलतो. आवेष्टित वस्तूंच्या वैधमापन नियमांनुसार १ जानेवारी २०१८ पासून निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचे नाव-पत्ता ही माहिती पाकिटाबरोबर पडद्यावरही दाखवावी लागते. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर हवाच. याकडे कटकट म्हणून पाहू नये. मोहाच्या फुलांचे लाडू पुण्यातल्या ज्या बाईने कधी चाखले नाहीत, तिला ते कुणी वळले, कधी वळले आणि किती दिवस टिकतील हे कळायचे हेच एक ठिकाण आहे. ही माहिती मराठीत द्या, भरपूर द्या. मूगवड्यांचे वाळवण कोणत्या महिन्यातले, हेही द्या.

पैसे घेण्याचे प्रकरण पुस्तकात मोठे आहे, इथे दोनच गोष्टी सांगतो. २०१६ साली आलेल्या युपीआयने लहान दुकानदाराची निम्मी चिंता मिटवली आहे, आणि कार्डाचा तपशील दुकानाने साठवून ठेवायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा दंडक असल्याने ते जोखमीचे काम पेमेंट गेटवेकडेच राहते. खरी चिंता कॅश ऑन डिलिव्हरीची. दारात पोचलेला माल ग्राहकाने नाकारला की जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे विकणाऱ्याच्या माथी. सुरुवातीला ही सोय फक्त ४४५ च्या झोनपुरती ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीत पावती काढताना एक अडचण येते. पीडीएफ तयार करणारी काही प्लगिन देवनागरी जोडाक्षरे नीट जोडत नाहीत. 'दारव्हा', 'दिग्रस' ही नावे तुटून उमटतात. यावरचे उपाय सातव्या प्रकरणात दिले आहेत. मराठी विक्रेत्याने मराठी पावतीचा हट्ट सोडू नये.

हे पुस्तक बचत गटातल्या हिशेब ठेवणाऱ्या ताईंसाठी आहे, बी.कॉम. होऊन गावी परतलेल्या मुलामुलींसाठी आहे, आणि वाणिज्य शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठीही आहे. या विषयात अभ्यासण्याजोगे खूप आहे. वनोपज गोळा करणाऱ्या कोलाम कुटुंबांचा माल हंगामी असतो; त्याचा साठा पडद्यावर कसा दाखवावा? गटात दहा जणींनी केलेल्या पापडांचे पैसे एका खात्यात येतात. त्यांची वाटणी दुकानाच्या नोंदींतून कशी काढावी? परदेशात लिहिलेल्या मार्गदर्शिकांत हे प्रश्नच नाहीत, कारण त्या लिहिणाऱ्यांपुढे असा विक्रेता नव्हता. उत्तरे इथूनच यायला हवीत, आणि वाचकांपैकी कुणी ती शोधून लिहून काढली तर या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्यांना हक्काची जागा आहे.

एक काम मात्र पहिले प्रकरण वाचण्याआधीच उरकून घ्यावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण महिन्याभरात करावे लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत गटातल्या सगळ्या जणी दिवसभर शेतात असतात. तेव्हा फोन कोण उचलणार आणि पार्सल पोस्टात कोण नेणार, हे आधी बसून ठरवा. मंगळवारी आणि शुक्रवारीच माल रवाना होईल असे ठरले तर तसे दुकानाच्या पहिल्या पानावर स्पष्ट लिहा. तशी सोय कुठे करायची ते दुसऱ्या प्रकरणात आहे.