तिसऱ्या, योकोहामा आणि आजीचं नख

परवा माळा आवरताना एक छोटी दाताळी सापडली. लाल दांड्याची, लोखंडी पंजाची, खेळण्यातली वाटावी अशी. बायको म्हणाली, "फेक आता, चिंचवडच्या फ्लॅटमध्ये याचं काय काम?" मुद्दा बरोबर होता. पण दाताळी हातात घेतली आणि एकदम दोन किनारे आठवले. एक योकोहामाचा, एक रत्नागिरीचा. आणि एक चूकही आठवली, ती पुढे सांगतोच.

२०१६च्या एप्रिलमध्ये मी योकोहामाला ऑनसाइट होतो. काम नेहमीचंच, चाकणकडच्या आपल्या लोकांना ठाऊक असलेलं: गाडीच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर आणि रोज संध्याकाळी क्लायंटबरोबर 'आज काय बिघडलं' याची उजळणी. एका शुक्रवारी टीममधल्या वयस्कर सहकाऱ्याने विचारलं, "रविवारी शिओहिगारीला येणार का?" या शब्दाचा सरळ अर्थ 'ओहोटीतली शिकार'. म्हटलं, शिकार कसली? तर म्हणाला, आसारीची. आसारी म्हणजे आपल्या तिसऱ्यांची सख्खी चुलत बहीण, एकाच कुळातली. पुण्याकडच्या दोस्तांसाठी खुलासा: तिसऱ्या म्हणजे खाडीतले खायचे शिंपले. कोणी शिवल्या म्हणतं, मालवणकडे मुळे म्हणतात.

जायचं होतं 'उमि नो कोएन'ला, म्हणजे समुद्र उद्यानात. साधारण किलोमीटरभर लांबीची पुळण, हजारो माणसं, गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेली, पोरं चिखलात, आजोबा स्टुलावर. प्रवेश फुकट. आणि तीन नियम. दोन सेंटिमीटर किंवा त्याहून लहान शिंपला घरी न्यायचा नाही. पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद अवजार वापरायचं नाही. माणशी दोन किलोच्या वर न्यायचं नाही. माझी लाल दाताळी जवळच्या दुकानातच घेतली होती, नियमात बसणारी.

मजा म्हणाल तर शब्दांत सांगणं अवघड आहे. थंडगार ओली वाळू, दाताळीचा खर्र आवाज, आणि त्यात मध्येच एक 'टक्'. तो टक् ऐकला की क्लायंट, डेडलाइन, सगळं विसरायला होतं. वाळू बाजूला केली की नक्षीदार, करडा, घट्ट मिटलेला ऐवज! प्रत्येकाची नक्षी वेगळी. दोन तासांत माझी पिशवी दीड किलोची झाली. सहकाऱ्याने मग माझी पिशवी वाळूवर उलटी केली आणि एकेक शिंपला बघून वीसेक परत पाण्यात टाकले. वर वाकून मलाच म्हणाला, "माफ करा, हे पुढच्या वर्षीचे."

मी गप्प झालो, कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. शब्दशः. माझ्या आजीकडून, भाट्याच्या खाडीत.

आजीवर येतोच, पण आधी या जपानी नियमांचा थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्या पट्ट्याशीही जुळतो.

जपानी माणूस आणि शिंपला यांचं नातं जुनं. १८७७ साली एडवर्ड मोर्स नावाचा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ योकोहामाच्या बंदरात उतरला. तो आला होता समुद्री जीव गोळा करायला. टोकियोला जाताना ओमोरी स्टेशनजवळ गाडीच्या खिडकीतून त्याला रुळांशेजारच्या मातीत शिंपल्यांचा थर दिसला. रेल्वे सुरू होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. रोज शेकडो लोक तिथून जात असणार, पण ही प्राचीन माणसांच्या जेवणाची उष्टी रास आहे हे ओळखलं या पाहुण्याने. तिथल्या उत्खननापासून जपानमधलं शास्त्रीय पुरातत्त्व सुरू झालं असं मानतात. हजारो वर्षं लोक या उपसागराच्या काठी बसून शिंपले खात होते!

एदो काळात, म्हणजे आपल्याकडे पेशवाई होती तेव्हा, टोकियोच्या शिनागावा किनाऱ्यावर शिओहिगारी ही अख्ख्या शहराची सहल होती. दिवस ठरलेला: तिसऱ्या चांद्रमासाची तृतीया. आपल्या चैत्र-वैशाखातल्या शुद्ध तृतीयेच्या आसपास म्हणा. अमावास्येनंतरचं उधाण, त्यामुळे पाणी खूप आत जातं, आणि वसंतात त्या उपसागरात ही मोठी ओहोटी नेमकी भर दिवसा येते. ही तृतीया मुलींच्या सणाचीही. त्या सणाला हामागुरी शिंपल्यांचं सार करतात, कारण हामागुरीचे दोन भाग फक्त एकमेकांनाच जुळतात, दुसऱ्या कुणाला नाही. जन्माची जोडी. (आपण मात्र एकशिपी करताना एक शिंपली खुशाल फेकून देतो! :))

मग आले कारखाने. महायुद्धानंतर टोकियो उपसागराच्या काठाने भराव पडत गेले. पोलाद, तेल, वीज. मच्छीमारांनी भरपाई घेऊन मासेमारीचे हक्क सोडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओहोटीला जेवढी जमीन उघडी पडायची, तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त नाहीशी झाली. साधारण त्याच दशकांत आपल्याकडे काय चाललं होतं? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि कोकणातली पोरं घाट चढून पिंपरी-चिंचवडला नोकरीला यायला लागली. माझे आजोबा त्यांतलेच. म्हणजे तिकडे कारखाना किनाऱ्यावर आला, इकडे किनाऱ्यावरचा माणूस कारखान्यात आला.

आता गंमत ऐका. उमि नो कोएन हा किनारा खराखुरा नाहीच. तो बांधलेला आहे. योकोहामा शहराने १९६५ साली जे मोठे प्रकल्प मांडले, त्यात कानाझावाचा भराव होता, शहरातले कारखाने तिथे हलवायला. त्या भरावाला लागून वाळू आणून ही पुळण तयार केली आणि १९८८ साली उद्यान खुलं झालं. आसारी तिथे आता आपसूक वाढते. बाकी बऱ्याच ठिकाणी, उदाहरणार्थ समोरच्या किसाराझूच्या बाजूला, मच्छीमारांच्या सहकारी संस्था पैसे घेऊन शिओहिगारी चालवतात. तिथला शिंपला कायद्याने त्यांचा. १९४९च्या मत्स्य कायद्याने हे हक्क संस्थांकडे दिले, आणि २०२०च्या डिसेंबरपासून या हक्कावर अतिक्रमण केलं तर दंड दहा लाख येनपर्यंत. पाहुण्याने "मला माहीत नव्हतं हो" म्हणून चालत नाही.

एवढं करूनही जमलं का? पूर्ण नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानात वर्षाला दीड लाख टनांच्या वर आसारी निघायची. २०२० साली ती पाच हजार टनांच्या आत आली. आणि २०२२च्या सुरुवातीला एक भन्नाट घोटाळा बाहेर आला. सरकारने आधीच्या तिमाहीचा हिशोब केला, तर कुमामोतो प्रांताची म्हणून विकलेली आसारी भरली अंदाजे २,४८५ टन. २०२० या अख्ख्या वर्षात त्या प्रांतात निघालेली आसारी होती २१ टन! स्टॉकमधली एवढी तफावत आपल्या चाकणच्या कुठल्याही स्टोअरकीपरने दुपारच्या जेवणाआधी पकडली असती. बाकीचा माल बहुतांश चीनमधून आलेला. शेवटी प्रांताच्या गव्हर्नरने काही काळ आसारी बाजारात पाठवणंच थांबवलं.

तर ते तीन नियम म्हणजे जपानी शिस्तीची हौस नव्हे. हातातलं बरंचसं घालवल्यावर उरलेल्यासाठी लिहिलेली ती पाटी आहे.

आता आजीकडे येतो. तिचं माहेर भाट्याच्या खाडीकाठी, काजळी नदी समुद्राला मिळते तिथे. मे महिन्याच्या सुट्टीत ती आम्हाला ओहोटीला घेऊन जायची. वेळ काढायची रीत अशी: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, आली भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे सहा वाजता भरती, बारा वाजता ओहोटी. बाकी कोकणात सगळ्यांना हे येतं, मला मात्र तेव्हा जादू वाटायची. बायका पाण्यात उभ्या राहून पायाच्या बोटांनीच तिसऱ्या चाचपायच्या. आमच्या टोपलीतली बारकी तिसरी आजी अंगठ्याच्या नखाला लावून बघायची. "नखाएवढी असेल तर सोड मेल्या, ती पुढच्या वर्षाची." घरी आल्यावर तिसऱ्या काही तास मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, म्हणजे वाळू ओकतात. उघडी राहिलेली आणि टिचकी मारूनही न मिटणारी तिसरी फेकून द्यायची. जपानी सहकाऱ्याने मला हेच सांगितलं, फक्त प्रमाणासकट: लिटरभर पाण्याला तीस ग्रॅम मीठ.

आजीचं नख मी नंतर मनातल्या मनात मोजलं. दोन सेंटिमीटरला थोडंसंच कमी.

आणि आता ती चूक. योकोहामाच्या आधी, २०११च्या सुमारास, हापिसातले आम्ही सहाजण दोन गाड्या काढून रत्नागिरीला गेलो होतो. मी हिरो, कारण खाडी माझी! फावडं, बादल्या, चाळण. नखबिख कुणी बघितलं नाही, लहान-मोठं सगळं भरलं. जवळच दोन बायका तिसऱ्या काढत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "बारकी कशाला नेतास? आमका उद्या परत येवचा हा." आम्ही हसलो. दोन बादल्या डिकीत ठेवल्या आणि दुपारच्या उन्हात कुंभार्ली घाट चढलो. चिंचवडला पोचेपर्यंत वास सुटला होता. रात्री अकरा वाजता सोसायटीच्या मागच्या कचराकुंडीत दोन्ही बादल्या ओतल्या. एकही तिसरी कुणी खाल्ली नाही. आजी तेव्हा हयात होती, मी तिला सांगितलं नाही.

आपण पाहुणे असतो तेव्हा आपल्याला उद्या नसतो, एवढंच आहे हे सगळं. बाईला उद्या परत यायचं होतं, आम्हाला सोमवारी हापिसात जायचं होतं. आजीचा नियम तिच्या नखात होता तोवर चालला, कारण खाडीत जाणाऱ्या प्रत्येकीला ते नख माहीत होतं. आम्ही गाडी घेऊन आलो आणि आम्हाला कुणाची आजी ओळखत नव्हती.

लिहिलेला नियम आपल्या देशात चालणार नाही असं म्हणू नका. केरळच्या अष्टमुडी कायलात १९९०च्या दशकात शिंपल्यांचं उत्पादन घसरलं, तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी प्रजननाच्या काळात बंदी आली, जाळ्याच्या डोळ्याला किमान माप आलं. २०१४ साली या मासेमारीला शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय एमएससी प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलंच. महाराष्ट्रातली पावसाळी बंदी आपल्याला माहीत असते, पण ती बोटींची. भाट्याच्या पुळणीवर बादली घेऊन उतरणाऱ्या माणसाला अडवणारी पाटी मला दिसलेली नाही. तिथे अजून त्या बाईचं वाक्यच काय ती पाटी.

दाताळी फेकली नाही. तिच्या दांड्यावर मार्करने दोन सेंटिमीटरची रेघ मारली. येत्या मे महिन्यात लेकीला घेऊन भाट्याला जायचंय. तिथी बघून, तीन गुणिले, चार भागिले. ओहोटीला तिथे कोणी बाई असेल तर आधी विचारू, "मावशी, काढू का इथे?" हो म्हणाली तरच पाण्यात पाय.

आणि लेकीला रेघ दाखवणार नाही, आधी तिचं नख दाखवीन. ते अजून फार लहान आहे. तोवर माझं वापरू.