जुन्या यकृताशेजारी नवे

१९५२ साली अमेरिकेत क्रिग्लर आणि नज्जर या डॉक्टरांनी जन्मतःच कावीळ जडलेल्या बाळांची हकिगत मांडली. यकृत धडधाकट, पिवळे बिलिरुबिन पालटणारे एकच विकर तेवढे नाही. हे विष मेंदूत उतरे आणि बहुतेक बाळे दगावत. पुढे निळ्या दिव्याचा उपाय सापडला. पण मूल वाढते तसा तोही अपुरा पडतो.

१९६३ साली डेन्व्हरला स्टार्झल यांनी माणसाचे यकृत प्रथम बदलले. ते मूल वाचले नाही. १९८९ साली ब्रिस्बेनला स्ट्राँग यांनी आईच्या यकृताचा तुकडा मुलाला बसवला, आणि ते जगले.

पण एक खाते बंद पडले म्हणून कोणी सारी गिरणी मोडीत काढतो काय? १९९० नंतर लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात अशा मुलांचे थोडे यकृत राखून शेजारी दात्याचा तुकडा बसवला गेला. उणे विकर नवा तुकडा पुरवतो. तो निकामी झालाच, तर जुने यकृत प्राण राखते.

शास्त्राने आपले काम केले. आता प्रश्न आपला आहे: यकृत देणारा बाप रोजंदारीवर असेल, तर तो अंथरुणावर असताना त्याची चूल कोणी पेटवायची?