आदिगर्भाचा अभ्यास : प्रयोगशाळेतील पद्धती

सस्तन प्राण्यांचा गर्भ आपले पहिले दिवस मातेच्या उदरात दृष्टीआड घालवतो. त्या वेळी तो मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढा असतो. त्याला बाहेर काढून न्याहाळणे, बाहेर जिवंत ठेवणे आणि पुन्हा उदरात सोडणे, या कौशल्यांवर हे शास्त्र उभे आहे. मानवी गर्भावरील संशोधनाची चर्चा आपल्या श्रद्धावंतांच्या कानी वारंवार येते. म्हणून त्यामागील पद्धतींची माहिती आम्ही येथे देत आहोत.

उदरात सोडण्याचे कौशल्य आधी साधले. १८९० साली इंग्लंडमध्ये वॉल्टर हीप यांनी अंगोरा जातीच्या सशाचे दोन गर्भ बेल्जियन जातीच्या मादीत सोडले. तिला झालेल्या सहा पिलांपैकी दोन अस्सल अंगोरा निघाली.

बाहेर जिवंत ठेवणे मात्र कठीण. १९५६ मध्ये वेस्ली व्हिटन यांनी क्षारद्रवात गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन मिसळून उंदराचे आठ पेशींचे गर्भ वाढवले. १९५८ साली अ‍ॅन मॅकलॅरेन व जॉन बिगर्स यांनी बाहेर वाढवलेले गर्भ मादीत सोडून जिवंत पिले मिळवली. १९६३ मध्ये राल्फ ब्रिन्स्टर यांनी बशीत द्रवाचे थेंब ठेवून त्यांवर तेलाचा थर देण्याची युक्ती काढली. थेंब सुकत नाही, गर्भ हरवत नाही. इतकी साधी गोष्ट, पण आजही तीच वापरतात! दोन पेशींच्या गर्भाचे केवळ ग्लुकोजवर भागत नाही, त्याला पायरुव्हेटसारखे अन्न लागते, हेही त्यांनी दाखवले.

पोलंडच्या तारकोव्स्की यांनी १९६१ साली दोन उंदीरगर्भांची कवचे काढून ते एकमेकांस चिकटवले; जन्मलेल्या एकाच पिलास चार जनक होते. १९७२ मध्ये उणे १९६ अंशांवर गोठवलेल्या गर्भांपासून पिले जन्मली.

हीच तंत्रे मानवापर्यंत आली, तेव्हा प्रश्न पालटला. प्राण्यांवरील प्रयोग वाजवी मर्यादेत ख्रिस्तसभेला मान्य आहेत. परंतु मानवी गर्भाचा गर्भधारणेपासून व्यक्ती म्हणून आदर व्हावा, असे व्हॅटिकनने १९८७ व २००८ च्या दस्तऐवजांत बजावले. ब्रिटनच्या १९९० च्या कायद्याने चौदा दिवसांची मर्यादा घातली. आमच्या मते हा आकडा सोयीचा आहे. तेराव्या दिवशीचा गर्भ पंधराव्या दिवशीच्या गर्भाहून वेगळा जीव नव्हे. २०२१ मध्ये मानवी पेशींपासून, बीजांडाविनाच, आदिगर्भासारख्या रचना तयार झाल्या. त्यांना गर्भ म्हणावे काय, यावर शास्त्रज्ञांतही एकमत नाही.