ऑटो-द-फे : एका शब्दाचा निवाडा

गोव्याच्या इन्क्विझिशनचा विषय निघाला की ‘ऑटो-द-फे’ हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ ‘जिवंत जाळणे’ असा सहसा गृहीत धरला जातो. नोकरी सांभाळून, शब्दकोश हाताशी घेऊन मी पोर्तुगीज शिकलो, तेव्हापासून हा अर्थ मला अपुरा वाटत आला आहे.

‘फे’ म्हणजे श्रद्धा. ‘ऑटो’ लॅटिनमधल्या ‘कृत्य’ या अर्थाच्या शब्दावरून आला. पोर्तुगीजमध्ये त्याला आणखी दोन अर्थ आहेत : न्यायालयीन कामकाजाची नोंद आणि धार्मिक नाटक. सोळाव्या शतकात जिल व्हिसेंतेने लिहिलेली अनेक नाटके ‘ऑटो’ म्हणूनच ओळखली जातात. श्रद्धा, न्याय आणि नाटक या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात आहेत.

सोहळाही तसाच असे. आरोपींची मिरवणूक निघे, प्रवचन होई, मग एकेकाचा गुन्हा व शिक्षा मोठ्याने वाचली जाई आणि पश्चात्ताप करणारे चुकीच्या मतांचा शपथेवर त्याग करीत. ऑटो-द-फे तो एवढाच. जाळणे त्यानंतर, दुसऱ्या ठिकाणी आणि दुसऱ्याच्या हातून होई. चर्चने रक्त सांडायचे नाही, असा दंडक होता. म्हणून दोषी माणसाला राजाच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करताना ‘याला दयेने वागवावे, देहदंड देऊ नये’ अशी विनंती निकालपत्रातच लिहिलेली असे. त्या विनंतीचा अर्थ काय, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होते आणि ऐकणाऱ्यालाही.

गार्सिया द ओर्ता या वैद्याचा वनौषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आले आणि १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे उकरून जाळली गेली. मेलेल्याला आगीचा चटका बसत नाही. ती शिक्षा पाहणाऱ्यांसाठी होती.

जे जिवंत सुटत, त्यांचे काय? गोव्यात नोंदल्या गेलेल्या खटल्यांचा आकडा १६ हजारांच्या पुढे जातो. प्रत्यक्ष जाळलेल्यांची संख्या त्या मानाने फार लहान आहे. हे सांगून क्रौर्य सौम्य करण्याचा माझा हेतू नाही. उलट ते किती घरांत शिरले होते, हे त्यावरून कळते. १७३६ च्या फर्मानाने घरात तुळस लावण्याला, इतकेच काय, हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवण्यालाही मनाई केली. असल्या रोजच्या सवयी ज्यांना सोडता आल्या नाहीत, त्यांच्या डोक्यावर अशा खटल्याची टांगती तलवार असे.

शार्ल डेलाँ हा फ्रेंच वैद्य अशा सुटलेल्यांपैकी एक. दमणला पकडलेल्या डेलाँला १६७६ च्या ऑटो-द-फेमध्ये गोव्यात शिक्षा सुनावण्यात आली : मालमत्ता जप्त आणि पोर्तुगालमध्ये ५ वर्षे सक्तमजुरी. सुटणाऱ्यांकडून मौनाची शपथ घेतली जाई. डेलाँने ती मोडून १६८७ मध्ये आपली हकिकत छापली. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली गोव्याच्या इन्क्विझिशनवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा ही हकिकत त्यात घेतली. डेलाँला मायदेश होता, छापखाना होता, वाचक होता. शिक्षा भोगून बारदेश-साष्टीतल्या आपल्या गावी परतलेल्या शेतकऱ्याजवळ यातले काहीच नव्हते. शेजाऱ्यांनी त्याची शिक्षा ऐकलेली असे आणि त्याच्या तोंडावर शपथेचे कुलूप असे.

म्हणून मराठीत या शब्दाला ‘जाहीर धर्मनिवाडा’ म्हणावे, असे मी सुचवतो. ‘जाळणे’ म्हटले की आपली नजर चितेवर खिळते आणि खाली मान घालून घरी चालत गेलेली हजारो माणसे इतिहासातून निसटतात. शपथेने त्यांना बोलू दिले नाही. निदान भाषांतराने तरी त्यांना वगळू नये.