बेघरांच्या निवाऱ्यातील खाटा : गणती कशी होते, कशी व्हावी?
हैदराबादच्या उदाहरणातून एका दुर्लक्षित हिशेबाची ओळख

एखाद्या शहरात बेघरांसाठी किती निवारागृहे आहेत, या प्रश्नाचे उत्तर महापालिकेच्या कागदावर एका ओळीत मिळते. त्या निवाऱ्यांत किती जणांची सोय होऊ शकते आणि प्रत्यक्षात किती जण रात्र काढतात, या प्रश्नांची उत्तरे मात्र तितकी सरळ नसतात. तरीही निधी, जागा आणि मनुष्यबळ यांचे निर्णय याच आकड्यांवर होतात. निवारा अर्धा रिकामा आहे असे नोंदवहीतून दिसले, की तो बंद करण्याला आधार मिळतो. तो पूर्ण भरल्याचे दिसले, तर दारातून परत गेलेल्यांची नोंद बहुधा कोठेच राहत नाही.

निकष कोठून आले?

अन्नाच्या हक्कासंबंधी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये दाखल केलेल्या याचिकेच्या ओघात, २०१० च्या जानेवारीत दिल्लीतील कडाक्याच्या थंडीत बेघरांच्या मृत्यूचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्यानंतर न्यायालयाने या प्रश्नाची व्याप्ती देशातील इतर मोठ्या शहरांपर्यंत वाढवली. दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा आणि तो बारा महिने, चोवीस तास खुला, हे सूत्र त्यातून रूढ झाले. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली शहरी बेघरांसाठी निवाऱ्यांची योजना आली. तिच्या मार्गदर्शक सूचनांनी एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय, एका निवाऱ्यात ५० ते १०० व्यक्ती आणि माणशी किमान ५० चौरस फूट, म्हणजे सुमारे पाच चौरस मीटर जागा, असे मोजमाप घालून दिले. कागदावरील निवारे जागेवर आहेत की नाहीत, हे पडताळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आकडे आणि वस्तुस्थिती यांतील अंतर किती गंभीर मानले गेले होते, हे त्यावरून कळते.

हैदराबादचे गणित

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन् हैदराबाद महापालिकेची लोकसंख्या ६७ लाख ३१ हजारांवर होती. वरील सूत्राने शहरात किमान ६७ निवारे, म्हणजेच सुमारे ६,७०० जणांची सोय हवी होती. पुढील दशकात महापालिकेच्या निवाऱ्यांची संख्या याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचली नाही. पुरुषांचे आणि स्त्रियांचे निवारे वेगळे असून ते स्वयंसेवी संस्थांच्या साह्याने चालवले जातात. निलोफर, निम्स यांसारख्या मोठ्या रुग्णालयांजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही निवारे उभे राहिले. मराठवाड्याशी या शहराचे नाते निजामाच्या काळापासूनचे आहे. नांदेड, लातूरकडून उपचारासाठी येणाऱ्या कुटुंबांना आजही हैदराबाद जवळचे वाटते. रुग्ण खाटेवर आणि सोबतचा माणूस पदपथावर, ही स्थिती अशा निवाऱ्यांमुळेच टळू शकते.

खाट म्हणजे काय?

पुष्कळ निवाऱ्यांत लोखंडी खाटा नसतातच. जमिनीवर सतरंजी किंवा गादी अंथरली जाते. त्यामुळे ‘खाटा’ हा शब्द प्रत्यक्षात ‘झोपण्याच्या जागा’ या अर्थी वापरला जातो आणि तेथेच पहिला घोळ होतो. समजा, एका सभागृहाचे क्षेत्रफळ ५०० चौरस मीटर आहे. माणशी पाच चौरस मीटर या निकषाने तेथे १०० जणांची सोय होते. केवळ अंथरूण आणि ये-जा करण्याची अरुंद वाट धरून माणशी अडीच चौरस मीटर हिशेब केला, तर तीच क्षमता २०० होते. भिंती त्याच, आकडा दुप्पट.

म्हणून क्षमतेचे तीन आकडे वेगळे ठेवावे लागतात : मंजूर झालेल्या जागा, उभारलेल्या जागा आणि आज रात्री वापरता येण्याजोग्या जागा. छत गळते, शौचालय बंद आहे किंवा खोलीत सामान रचून ठेवले आहे, तर तिसरा आकडा खाली येतो. शिवाय पुरुषांच्या निवाऱ्यातील रिकामी जागा लेकुरवाळ्या स्त्रीच्या उपयोगाची नसते. संपूर्ण शहराची एकच बेरीज हा भेद पुसून टाकते.

भरण्याचे प्रमाण कसे काढतात?

निवाऱ्यात मुक्काम केलेल्या एकूण रात्रींना उपलब्ध जागा-रात्रींनी भागून शंभराने गुणले, की भरण्याचे प्रमाण मिळते. ५० जागांच्या निवाऱ्यात ३० रात्रींत १,५०० जागा-रात्री होतात. त्यांपैकी १,०५० वापरल्या गेल्या, तर प्रमाण ७० टक्के येते. मात्र दहा जागा महिनाभर नादुरुस्त असतील, तर उपलब्ध जागा-रात्री १,२०० उरतात आणि तेच प्रमाण ८७.५ टक्के होते. झोपलेली माणसे तितकीच. बदलला तो फक्त छेद.

सरासरीही फसवी असते. पंधरा रात्री ५० जण आणि पंधरा रात्री २० जण आले, तरी बेरीज १,०५० होते आणि प्रमाण ७० टक्केच दिसते. प्रत्यक्षात महिन्यातील निम्म्या रात्री निवारा तुडुंब होता आणि त्या रात्री आणखी किती जण परत गेले, हे या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी परत पाठवलेल्यांची वेगळी नोंद लागते. त्याचप्रमाणे १,०५० मुक्काम म्हणजे रोज येणारी तीच ३५ माणसे असू शकतात किंवा एकेक रात्र काढून गेलेली शेकडो वेगवेगळी माणसे. पहिल्या स्थितीत कायमच्या घराचा प्रश्न आहे, दुसऱ्या स्थितीत स्थलांतराचा. दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत.

मोजणीची वेळही महत्त्वाची आहे. रात्री आठला हजेरी घेतली, तर बाजारातील हमाल आणि लग्नसराईत वाढप्याचे किंवा भांडी घासण्याचे काम करणारे मजूर अद्याप परतलेले नसतात. मध्यरात्रीनंतरची मोजणी अधिक विश्वसनीय ठरते. मात्र रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांना तीही वगळते.

सक्तीची गर्दी आणि खरी गरज

नोव्हेंबर २०१७ मध्ये हैदराबादेत जागतिक उद्योजकता परिषद भरली. तिच्या तोंडावर पोलीस आयुक्तांनी शहरात भीक मागण्यास दोन महिने मनाई केली. रस्त्यांवरून उचललेल्या पुरुषांना चंचलगुडा आणि स्त्रियांना चेर्लापल्ली येथील कारागृहाच्या आवारातील आश्रमांत नेण्यात आले. त्यांतील अनेकांना घर व कुटुंब असल्याचे आढळले आणि त्यांना हमीपत्रावर सोडण्यात आले. भिकारी आणि बेघर हे दोन समूह एकच नव्हेत, हे या घटनेने दाखवून दिले. सक्तीने आणलेल्यांची संख्या हे निवाऱ्याच्या वापराचे माप होऊ शकत नाही, हाही तिचाच धडा.

उलट, रिकामा निवारा म्हणजे गरज नाही, असेही नव्हे. कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर, दार बंद होण्याची वेळ, सामान ठेवण्याची गैरसोय आणि पती-पत्नींची ताटातूट या कारणांनी माणसे पदपथ पत्करतात.

बेघरांची संख्या आणि गोवा

सोय पुरेशी आहे का, हे ठरवण्यासाठी बेघर किती, हे कळावे लागते. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री ही गणती झाली. देशात १७.७३ लाख बेघर आढळले. २००१ मध्ये ही संख्या १९.४३ लाख होती. एकूण आकडा घटला, परंतु शहरांतील बेघर ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेले. एका रात्रीत, पुलाखाली आणि फलाटांवर केलेल्या या गणतीतून बरेच जण सुटतात, हा आक्षेप जुनाच आहे. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे.

गोव्याच्या दृष्टीने लाखाला एक निवारा हे सूत्र अपुरे पडते. २०११ मध्ये राज्यातील एकाही पालिकेची लोकसंख्या एक लाखाच्या वर नव्हती. परंतु मडगावचा बाजार, रेल्वे स्थानके आणि सिंधुदुर्ग, कारवारकडील रुग्णांना आधार देणारे बांबोळीचे गोमेकॉ येथील रात्रीची गरज पालिकेच्या लोकसंख्येवरून मोजता येत नाही. त्यासाठी वर्षातून किमान तीनदा, म्हणजे उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळ्यात, त्या त्या ठिकाणी रात्रीची गणती करावी लागेल. निवाऱ्याच्या मासिक अहवालात वापरण्याजोग्या जागा, रोजची मध्यरात्रीची हजेरी, वेगवेगळ्या व्यक्तींची संख्या, परत पाठवलेल्यांची संख्या आणि स्त्री, पुरुष व कुटुंब अशी विभागणी, एवढे पाच रकाने असले, तरी निर्णय अंदाजाऐवजी माहितीवर घेता येतील.