आडनावातला पूर्वज

नागपूरच्या उत्तर भागातील जरीपटका हे नाव कानी पडताच मराठी मनाला मराठेशाहीचा ध्वज आठवतो. वस्तीत शिरल्यावर मात्र दुकानांच्या पाट्यांवर दिसतात ती '-आनी', '-आणी'ने संपणारी आडनावे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती उभी केली. पंजाब आणि बंगाल यांचा एकेक भाग तरी भारतात राहिला. सिंध प्रांत सगळाच पलीकडे गेला. १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्याचा भाग होता, हे आपणही आता विसरत चाललो आहोत.

मराठीतला '-कर' गाव सांगतो, सिंधीतला '-आनी' पूर्वज सांगतो. जेठमल नावाच्या कुणा पुरुषाचे वंशज ते जेठमलानी. गाव सुटले तरी हे आडनाव सोबत आले. पण जेठमलचा बाप कोण आणि त्याच्यापासून आजच्या नातवापर्यंत पिढ्या किती, याचे उत्तर आडनावापाशी नाही.

कोलकात्याच्या आर्मेनियन समाजातील मेस्रोव्ह जेकब सेठ यांनी भारतातील आपल्या लोकांचा इतिहास लिहिला (त्याची विस्तारित आवृत्ती १९३७ ची), तेव्हा थडग्यांवरील लेख त्यांच्या फार कामी आले. दहन करणाऱ्या समाजाला असा दगड कुठला? त्याच्या नोंदी तीर्थक्षेत्री. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील वह्या मराठी वाचकाला परक्या नाहीत. हरिद्वारच्या पंड्यांकडे तशाच वह्या आहेत. अस्थी घेऊन आलेल्या यजमानाला पंडा मूळ गाव आणि जात विचारतो, वही काढतो, वाडवडिलांची नावे वाचून दाखवतो आणि मधल्या काळातले जन्म, विवाह, मृत्यू त्याखाली नोंदवून घेतो. मृत्यूच्या निमित्ताने उघडणारे हे घराण्याचे दप्तर. त्याची मांडणीही पाहण्याजोगी आहे. वही लागते ती मूळ गावावरून. म्हणून जरीपटक्यात तीन पिढ्या गेलेले कुटुंब तिथे अजून शिकारपूरचे किंवा लाडकाण्याचेच असते. निर्वासितांच्या मालमत्तेसाठी १९५० साली दाव्यांचा कायदा झाला. त्या दाव्यांच्या कागदांतही जुने गाव सापडते, पण तिथे माणूस येतो तो मागे टाकलेल्या घराचा मालक म्हणून.

युटाच्या वंशावळी संस्थेने हरिद्वारच्या वह्यांचे मायक्रोफिल्म करून घेतले, हे उत्तमच झाले. मात्र फितीवर अक्षर टिकते, वाचणारा टिकत नाही. सिंधी भाषेची अरबी वळणाची लिपी १८५३ च्या सुमारास सरकारने निश्चित केली. व्यापारी आपले हिशेब त्याआधीपासून हटवाणिका या मोडीसारख्या झरझर लिहिण्याच्या लिपीत ठेवीत. घरातल्या जुन्या चोपड्या, पत्रे या दोहोंपैकी एका लिपीत; नातवंडे शिकली देवनागरी आणि रोमन. १९६७ साली सिंधी आठव्या अनुसूचीत आली, आणि हटवाणिकेशी जवळचे नाते असलेली खुदाबादी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाली. संगणकाला ती लिपी कळू लागली, नातवाला नाही. मोडी दप्तरांपुढे आपलीही अवस्था काही निराळी नाही, तेव्हा हे उपहासाने म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही.

या सर्व नोंदींतली खरी फट मात्र वेगळीच आहे. वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते. मुली तिच्यातून बहुधा गळतात. त्यातही सिंधी घरांत विवाहानंतर वधूचे पहिले नावसुद्धा बदलण्याची चाल होती (आपल्याकडेही ती होतीच). सासरच्या कागदांत ती नव्या नावाने आली आणि माहेरच्या कागदांत आलीच नाही, तर तिचा माग कोणत्या वहीत काढावा? आमच्या मते इथे दप्तर संपते आणि केवळ स्मरण उरते. फाळणीच्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या घरात आहे. तिच्यापाशी बसणाऱ्याने सिंधमधल्या वाड्याची, हुंड्यांची, बोटीची चौकशी जरूर करावी. पण त्याआधी लग्नापूर्वी तिला घरात काय म्हणत, तिच्या आईला आणि आजीला माहेरी काय म्हणत, हे विचारून लिहून घ्यावे.