अजिंठ्याचे रंग आणि रंगांधळी काच

शाळेच्या सहलीत अजिंठ्याला गेलो, तेव्हा माझ्या गळ्यात काकांचा आग्फा क्लिक होता. फ्लॅश नव्हता. बारा फोटोंचा रोल तिथे संपवला आणि वाशिमला परतल्यावर धुवायला दिला. लेण्यांच्या आतले सगळे फोटो काळेठिक्कर आले! ती चुटपुट मनात राहिली, म्हणूनच पुढे या विषयाकडे वळलो.

सोळावे लेणे खोदवून घेतले वराहदेवाने. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. पाचव्या शतकातल्या त्या राजाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजेच आपले वाशिम. आमच्या गावाच्या राजवटीत रंगलेल्या या भिंती पुढे कागदावर उतरवताना चित्रकारांची आणि कॅमेऱ्याचीही कसोटी लागली.

फ्रान्समध्ये दागेरची छायाचित्रण पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली. तरीही १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याला नेमला तो चित्रकारच, मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल. भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या तैलनकला तो वर्षानुवर्षे करत राहिला. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली होती. काचेवर कोलोडियनचा लेप द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि दहाएक मिनिटांत अंधाऱ्या तंबूत धुवायची. अजिंठ्याच्या उन्हाळ्यात हे करून पाहणाऱ्याला मी नमस्कारच करीन. गिलने दोन भिंगांचे स्टिरिओ फोटो काढले. खास चष्म्यातून पाहिले की खांबामागचा खांब वेगळा, खोल दिसतो. १८६४ मध्ये ते लंडनला पुस्तकरूपाने निघाले.

डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि गिलच्या बहुतेक तैलनकला जळाल्या. आता तरी कॅमेऱ्याने काम भागवायचे? नाही. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन पुन्हा कुंचल्यानेच नकला करत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्यांपैकीही अनेक नकला १८८५ मध्ये लंडनच्याच आगीत गेल्या.

असे का, याचे उत्तर काचेत आहे. लेण्यात उजेड थोडा, आणि उशीर झाला की लेप वाळतो, हे तर झालेच. पण मुख्य अडचण वेगळी होती. त्या काचेला निळा प्रकाश दिसे. पिवळा आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. अजिंठ्याची चित्रे तर गेरू आणि पिवडीवर उभी! भित्तिचित्रातली गेरूची कांती फोटोत काजळासारखी उमटणार आणि लाजवर्दी निळा पांढुरका पडणार. खऱ्याखुऱ्या यंत्राने काढलेले ते खोटे चित्र झाले असते.

१८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेलला आढळले, की लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर काचेला इतर रंगही दिसू लागतात. सगळे रंग टिपणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडले. गिल १८७९ मध्येच गेला होता. भुसावळला त्याची कबर आहे.

माझ्या त्या रोलमधला एकच फोटो आला. सोळाव्या लेण्याच्या बाहेरचा, उन्हातला. त्यात आमचे मास्तर आहेत, आणि वराहदेवाचा शिलालेख नेमका त्यांच्या पाठीमागे झाकला गेला आहे.